रिझर्व्ह बँकेची वाट बारावीच्या गणितावरून जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ कसे व्हावे, यावर लेख आला. विषय निवडलात त्याबद्दल आभार. मात्र लेखात चिंतामणराव देशमुखांचा कित्ता कोकणातल्या मुलांपुढे ठेवला आहे, तिथे गल्लत झाली आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला माणूस या बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला याचा अभिमान आम्हालाही आहे. पण देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, 1918 साली आयसीएस या ब्रिटिशकालीन प्रशासकीय सेवेच्या परीक्षेत पहिले आले आणि प्रशासनातून 1943 मध्ये गव्हर्नरपदी पोचले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपद ही त्यानंतरची गोष्ट. त्या वाटेने आज कुणाला जाता येणार नाही. कोकणशी नाळ असलेला अर्थशास्त्रज्ञच दाखवायचा तर डॉ. आंबेडकर दाखवावेत. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. 1918 ते 1920 सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडनची डी.एस्सी., आणि पुढे मध्यवर्ती बँकेची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष.

आता आजच्या वाटेकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकाऱ्यांची भरती एका जाहिरातीत निघते, पण तिच्यात दारे वेगवेगळी असतात. सर्वसाधारण प्रवाहाला कुठल्याही शाखेची पदवी चालते. अर्थतज्ज्ञ घेतले जातात ते आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी, म्हणजे ज्याला सगळे डीईपीआर म्हणतात त्याच्यासाठी. तिथे अर्थशास्त्र किंवा तत्सम विषयात 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते. वयोमर्यादा 30, एम.फिल. असल्यास 32, पीएच.डी. असल्यास 34. जागा दहा-वीस, एखाद्या वर्षी तीसच्या वर. पहिल्या टप्प्यात अर्थशास्त्राचा वस्तुनिष्ठ पेपर आणि इंग्रजीचा वर्णनात्मक पेपर. इंग्रजीची उत्तरे कीबोर्डवर टंकावी लागतात, त्यामुळे टायपिंगची सवय नसलेली मुले वेळेत मागे पडतात. दुसऱ्या टप्प्यात अर्थशास्त्राचे दोन वर्णनात्मक पेपर, मग मुलाखत.

आपल्याकडची मुले अडकतात ती या दोन पेपरांत. क्लासच्या नोट्स सर्वसाधारण प्रवाहाच्या असतात: योजना, समित्या, चालू घडामोडी. इथे मात्र अर्थतज्ज्ञ सोलो यांच्या आर्थिक वाढीच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) बचतीचा दर वाढला की स्थिर अवस्थेत, म्हणजे दर कामगारामागचे भांडवल बदलायचे थांबते तिथे, काय बदलते, हे समीकरणासह मांडावे लागते. प्रतिगमनात (आकड्यांतून दोन गोष्टींमधला संबंध काढण्याच्या पद्धतीत) अवशिष्टांचा, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतल्या फरकांचा, एकमेकांशी संबंध निघाला तर प्रमाण-त्रुटी, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे याचे माप, का फसवी ठरते, हे सांगावे लागते. पाठांतर इथे कामाचे नाही.

मूळ दुखणे मात्र अकरावीच्या प्रवेशातच आहे. अर्थशास्त्र घ्यायचे म्हणून मूल कला शाखेला जाते आणि 'सुटलो एकदाचे' म्हणून गणित सोडते. कला शाखेलाही बोर्डाचा गणित हा विषय घेता येतो, हे पालकांना कुणी सांगत नाही, आणि तो शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय दापोली-देवगडकडे शोधावेच लागते. मग बी.ए.ला अर्थशास्त्रात उत्तम गुण असूनही एम.ए.च्या चांगल्या प्रवेशपरीक्षा जड जातात, कारण त्यांत कलनशास्त्र (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित आणि संभाव्यता असते. रिझर्व्ह बँकेनेच 1987 साली उभी केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था असो की आयआयटींची 'जॅम' ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, गणिताला सुट्टी कुठेच नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, आले आहे. बारावीला गणित सुटले असेल तर पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र मायनर घ्यावे. जिथे ते उपलब्ध नाही तिथे पालकांनी प्राचार्यांकडे मागणी लावून धरावी.

बँकेच्या या संशोधन विभागात काम काय असते? दर महिन्याच्या महागाईचा आकडा फोडून बघणे, अंदाज बांधणे, राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास, वार्षिक अहवालातली प्रकरणे. आकडा कसा फसवतो याचे उदाहरण बंदरावरच आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पापलेट-सुरमईचे भाव चढतात, श्रावणात मागणी उतरते. हे दरवर्षीचेच, म्हणून जूनची तुलना मेशी करून 'महागाई भडकली' म्हणणे चूक. तुलना गेल्या जूनशी करायची. पण त्यातही खोच आहे. समजा भावांचा निर्देशांक गेल्या जूनला 100 आणि गेल्या जुलैला 104 होता. यंदा जूनला 106, जुलैला 107.1. महिन्यात भाव एक टक्क्याने वाढले, तरी वार्षिक दर 6 वरून जेमतेम 3 टक्क्यांवर आला! कारण तुलनेचा पाया, म्हणजे गेल्या जुलैचा आकडा, आधीच उंच होता; याला बेस इफेक्ट म्हणतात. बाजारात भाव उतरलेला नसतो, बातमीत मात्र 'महागाई निम्म्यावर' छापून येते. (आपणही छापता.)

शिवाय रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) पाव टक्क्याने वाढवला म्हणून दर्यात पापलेट वाढत नाही. महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 च्या मालिकेत खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार 45.86 टक्के होता; अशा वेळी धोरणकर्त्यांना प्रश्न पडतो की ही वाढ हंगामी म्हणून सोडून द्यावी की ती मजुरीत आणि लोकांच्या अपेक्षांत मुरते आहे. 2010 च्या सुमारास डाळी, दूध, अंडी, मासे महागले ते पावसामुळे नव्हे, तर वाढत्या उत्पन्नाबरोबर आहार बदलल्यामुळे, ही मांडणी तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सुबीर गोकर्ण यांनी केली. ते आधी गोरेगावच्या त्याच संस्थेत शिकवत. नंतर पतमानांकन (कर्जदारांची पत ठरवण्याच्या) क्षेत्रात गेले, 2009 मध्ये बँकेत आले आणि शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताचे प्रतिनिधी होते.

प्राध्यापकी आणि मध्यवर्ती बँक यांच्यामध्ये अशी ये-जा चालते. सी. रंगराजन अहमदाबादच्या आयआयएममधून 1982 मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले, पुढे गव्हर्नर. आय. जी. पटेल उलट दिशेने गेले: 1982 मध्ये गव्हर्नरपद सोडले, 1984 पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक. नरेंद्र जाधव बँकेच्या संशोधन विभागात वाढले आणि 2006 मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 2016 पासून व्याजदर ठरवणाऱ्या बँकेच्या पतधोरण समितीच्या सहापैकी तीन जागा बाहेरच्या तज्ज्ञांना आहेत, त्यांतले बरेचसे अध्यापन-संशोधनातलेच. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते, त्यात प्रत्येकाचे मत आणि कारणे असतात. मत विरोधी पडलेल्या सदस्याचे निवेदन आधी वाचावे, विषय त्यातून लवकर कळतो. बँकेच्या संकेतस्थळावरची आकडेवारीही फुकट आहे, मालवणात बसून उतरवता येते.

एक दुरुस्ती जरूर छापावी. पुरवणीत अर्थतज्ज्ञांसाठी दिलेली 'पदवीला किमान 60 टक्के' ही अट सर्वसाधारण प्रवाहाची आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ती 50 टक्के आहे. डीईपीआरला गुण पदव्युत्तर पदवीचे पाहतात, तिथे याच उमेदवारांना 55 ऐवजी 50 टक्के चालतात. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचावी, अटी तिच्यातल्याच धरल्या जातात.

आपले,
अर्थशास्त्राचे दोन निवृत्त शिक्षक, रत्नागिरी