बाबा, सोसायटीच्या दप्तराची एक प्रत घरात ठेवा

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, दापोलीतल्या त्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या संगणकाच्या फायली कुणीतरी कुलूपबंद करून पैसे मागितले, हे सांगून तुम्ही फोनवर विचारलंत, "पैसे भरले तर फायली परत मिळतात काय गो?" तेवढ्यात हर्णैची रेंज गेली आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र तुम्ही आपल्या मच्छीमार सोसायटीच्या संचालकांच्या सभेत वाचून दाखवलंत तर मला बरंच वाटेल.

उत्तर असं, की पैसे भरू नयेत. भरून फायली मिळतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. समोरचा माणूस कोण, कुठल्या देशात बसलाय, हे कळायला मार्ग नसतो. पैसे क्रिप्टोमध्ये, म्हणजे नेटवरच्या आभासी चलनात, मागितलेले असतात आणि ते एकदा गेले की परत बोलावता येत नाहीत. काही जणांना फायली उघडायची किल्ली मिळते, काहींना अर्धवट चालणारी मिळते, काहींना काहीच मिळत नाही. आणि हा पैसे देणारा आहे असं एकदा कळलं की पुन्हा त्याच्याच दारात यायला त्यांना काय लागतं?

तुम्ही वर्णन केलंत ते असं: फायली जागेवर होत्या, पण प्रत्येकीच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९० मध्ये सोडवून देऊ. यावरून ते स्टॉप-डीजेव्हीयू नावाच्या कुळातलं रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, असावं. घरगुती आणि लहान दुकानांच्या संगणकांवर हे फार आढळतं, आणि बहुतेक वेळा ते फुकट मिळालेल्या क्रॅक, म्हणजे परवाना तोडून चालवलेल्या, सॉफ्टवेअरबरोबर येतं. कुणीतरी पेनड्राइव्हमधून महागडं सॉफ्टवेअर 'चालू करून' देतो, ते चालूही होतं, आणि त्याच्या आडून हा प्रोग्राम एकेक फाईल गणिताच्या कुलपात घालत जातो. किल्ली त्या गुन्हेगाराकडेच असते. हे कुलूप अंदाजाने आकडे लावून उघडणारं नाही. गावातल्या कुठल्याही संगणक दुरुस्तीवाल्याला ते जमणार नाही, आणि 'मी उघडून देतो, आधी ॲडव्हान्स द्या' म्हणणारा बहुधा दुसरा ठग असतो.

ते ७२ तास मात्र नीट ओळखून घ्या. माणूस घाबरला की कुणाला विचारत नाही, आणि त्यांना तेच हवं असतं. मुदत उलटली म्हणून फायली आणखी बिघडत नाहीत. उलट त्या बंद अवस्थेतल्या फायली जपून ठेवाव्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सीसॉफ्ट या कंपनीने याच कुळाच्या जुन्या प्रकारांसाठी फुकट सोडवणारं साधन काढलं, तेव्हा ज्यांनी रागाने डिस्क पुसून टाकली नव्हती त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या फायली परत आल्या. नंतरच्या बऱ्याच प्रकारांना ते साधन चालत नाही, हेही खरं. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांना बरोबर घेऊन जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाची वेबसाइट सुरू केली. तिथे चिठ्ठी आणि एखादी बंद फाईल दिली की तिची किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं, तेही विनामूल्य. त्या दुकानदाराला एवढं जरूर सांगा.

आता आपल्या सोसायटीचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने ऑफिसचे पत्रे उडवले आणि सभासद नोंदवह्या भिजून त्यांचा लगदा झाला. त्यानंतर तुम्ही रात्र रात्र बसून भागभांडवल, डिझेलच्या कराचा परतावा, नौकांची नोंदणी, कोणाकडे किती येणं, हे सगळं संगणकावर चढवलंत. पाण्यापासून दप्तर वाचलं. पण आज ते सगळं एकाच संगणकात आहे, त्या संगणकावर विंडोज ७ आहे, आणि त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं १४ जानेवारी २०२० लाच संपलं. विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नेट हळू म्हणून तुम्ही दर वेळी अपडेट पुढे ढकलता. २०१७ च्या वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरचं उदाहरण घ्या. ज्या फटीतून ते शिरलं ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ती घेतली नाही, त्यांचे संगणक सुमारे दीडशे देशांत अडकले. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, माझ्या रोजच्या कामाच्या ठिकाणी, म्हणजे इकडे न्हावा-शेवा बंदरात, मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. आमच्या क्लिअरिंगच्या धंद्यातले जुने लोक अजून ते बोलून दाखवतात. नॉटपेट्या नावाचा तो प्रोग्राम सुटला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि ट्रक अडले आपल्या रायगडात. त्यानेही ३०० डॉलर मागितले होते. पण बाबा, भरणाऱ्याला डेटा परत मिळावा अशी सोय त्यात नव्हतीच. खंडणीचं नाटक करून सगळं नासवणं एवढंच त्याचं काम होतं. मेर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरपर्यंत सांगितलं. त्यांच्या जगभरच्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता ते सगळे एकमेकांशी जोडलेले, म्हणून एकदम गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेत घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता.

दिल्लीच्या एम्सचंही तसंच. २३ नोव्हेंबर २०२२ ला त्यांचे सर्व्हर गेले आणि जवळजवळ दोन आठवडे नोंदी, चिठ्ठ्या, रिपोर्ट सगळं हातानं लिहून चाललं. सरकारने पुढे संसदेत सांगितलं की ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा बाधा न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला आणि देशातल्या सगळ्यात नामांकित इस्पितळाला शेवटी तारलं ते हल्ला पोचला नाही अशा जागी पडून राहिलेल्या एका प्रतीने. आपल्या सोसायटीला घानासारख्या नशिबावर का सोडायचं?

आई, तुझ्या माहेरी बियाण्याचं भात वेगळ्या मुडीत बांधून ठेवतात आणि कितीही ओढाताण झाली तरी तिला हात लावत नाहीत. ही प्रत तशी ठेवायची. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायच्या. दर शनिवारी एक जोडायची, दप्तर उतरवायचं, लगेच काढायची. पुढच्या शनिवारी दुसरी. जोडलेलीच राहिली तर संगणकाबरोबर तीही कुलपात जाते, म्हणून काढणं सगळ्यात महत्त्वाचं. एक डिस्क सोसायटीच्या कपाटात आणि एक आपल्या घरी, तुझ्या ताब्यात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने डिस्कचं टोक गंजतं, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारी सिलिकाची पुडी घालून ठेव. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. प्रत घेतली होती पण उघडलीच नाही, हे ऐन वेळी कळून उपयोग नसतो. गूगल ड्राइव्हवर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. संगणकाशी सतत जुळत राहणाऱ्या फोल्डरमध्ये बंद झालेली फाईलही तशीच वर जाते, आणि जुनी आवृत्ती तिथे काही दिवसच मिळते.

क्रॅक सॉफ्टवेअर आजच काढून टाका. सोसायटीच्या संगणकावर ते कोणी टाकलं याची चौकशी करत बसू नका, त्या पोरानं मदत म्हणूनच केलं असेल. रोजचं काम ॲडमिन नसलेल्या साध्या खात्यातून करा. 'परताव्याची यादी' किंवा 'नोटीस' अशा नावाची फाईल अनोळखी मेलवरून आली तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या ऑफिसात फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही. आणि फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन ताब्यात देणारं ॲप कधीही टाकायचं नाही.

शिवाय सभासदांच्या आधार आणि पासबुकांच्या झेरॉक्स स्कॅन करून तुम्ही एका फोल्डरमध्ये साठवल्यात. हल्लीचे बरेच टोळीवाले आधी डेटा चोरून नेतात, मग कुलूप घालतात, आणि दिला नाहीत पैसा तर सगळं उघड करू म्हणून धमकावतात. तिथे बॅकअपही कामाला येत नाही. काम झालं की ते स्कॅन संगणकावरून पुसा. खलाशांची, तांडेलांची ओळखपत्रं आपल्या भरवशावर दिलेली आहेत.

एवढं करूनही कधी तसली चिठ्ठी स्क्रीनवर आलीच, तर पहिल्यांदा नेट तोडा. वायफायचा राउटर बंद करा, केबल असेल तर उपटा. बॅकअपची डिस्क चुकूनही त्या वेळी जोडू नका. माणूस घाईत नेमकं तेच करायला जातो. मोबाइलने स्क्रीनचा आणि चिठ्ठीचा फोटो काढा. काही पुसू नका, फॉरमॅट करू नका. नेट तोडता आलं तर संगणक चालूच राहू द्या, तपासाला मदत होते. तोडताच येत नसेल तर सरळ बंद करा. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा फुकट नंबर १८००-११-४९४९ आहे. एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे संस्थांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते, तेव्हा 'उद्या बघू' चालणार नाही.

बाबा, आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. एका रुपयाचा फरक आला तरी तुम्ही जेवण सोडून हिशेब लावत बसता. तसा प्रसंग आला तर तुम्ही कुणाला न सांगता पेन्शनमधून पैसे भरायचा विचार कराल, हे मला माहीत आहे. सभासद काय म्हणतील, सेक्रेटरीनं दप्तर घालवलं म्हणतील, ही भीती तुम्हाला पैशापेक्षा मोठी वाटेल. तसं करू नका. हे चोरी झाल्यासारखं आहे आणि ज्याच्याकडे चोरी झाली त्याने मान खाली घालायची नसते. जुलै २०२४ च्या अखेरीला लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशातल्या डिजिटल व्यवहारांची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने धोका पसरू नये म्हणून ती यंत्रणा तात्पुरती बाजूला काढली आणि सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. तिथे तर माहीतगारांची फौज होती. तुम्ही पहिल्या तासात चेअरमनना सांगा, दुसरा फोन मला करा. रात्री दोन वाजता केलात तरी मी उचलेन.

आई, बचत गटाचा सुकट-सोड्यांचा हिशेब तू वहीत लिहितेस त्याला पोरी नावं ठेवतात, पण वही बंद करू नकोस. मोबाइलवर हवं तर दुसऱ्यांदा लिही. आणि व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून येणारी एपीके नावाची फाईल उघडू नकोस, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पत्रिका फोटो म्हणून येते, तिला ॲप टाकावं लागत नाही.

सध्या मासेमारी बंद आहे, ऑफिसात गर्दी नाही, तेव्हा हे काम नारळी पौर्णिमेआधी उरकता येईल. नव्या संगणकाचा आणि बॅकअपचा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, खर्चाला मंजुरी तिथे मिळेल. डिस्कसाठी मात्र सभेची वाट बघू नका. दोन्ही मी इथून घेते आणि आंजर्ल्याला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. मिळाल्या की त्याच दिवशी पहिली प्रत उतरवा, घरच्या लॅपटॉपवर सभासद नोंदवही उघडते का बघा, आणि उघडली की मला फोन करा.

तुमची,
बाय