गोळीच्या खोक्यातला तो कागद: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे, आणि हे पत्र माझ्याच चुकीपासून सुरू करते.

काही महिन्यांपूर्वी दुकान बंद करायच्या वेळेला एक बाई चिठ्ठी घेऊन आली. खांद्यावर दहा-बारा आठवड्यांचं बाळ. चिठ्ठीवर झोल्पिडेम ही झोपेची गोळी, 5 मिलिग्रॅम, सात रात्री. "बाळ अंगावर पितंय, चालेल ना?" तिने विचारलं. मी खोक्यातला कागद उलगडून एका ओळीवर बोट ठेवलं: स्तनपान करणाऱ्या मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. आणि वर म्हणाले, "कशाला जोखीम घेता?" डॉक्टरांचा सल्ला तर तिच्या हातातच होता, माझ्यासमोर धरलेला! मी माझी कातडी वाचवली. पुढे ती आली ती पावडरच्या दुधाचा डबा न्यायला. गोळी घ्यायची म्हणून तिने पाजणं थांबवलं होतं आणि दूध आटलं होतं.

जे आधी वाचायला हवं होतं ते मी त्यानंतर वाचलं. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येतं. पाच स्तनदा मातांना 20 मिलिग्रॅम, म्हणजे त्या बाईच्या चौपट मात्रा देऊन दूध तपासलं गेलं, तेव्हा पहिल्या तीन तासांत दुधात उतरलेलं औषध मात्रेच्या 0.02 टक्क्यांहूनही कमी भरलं. पाचच बायका, हे मान्य; पण काहीच नसण्यापेक्षा बरं. आता डायझेपाम या दुसऱ्या गुंगीच्या औषधाचं बघा. त्याला निम्म्यावर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात, त्यापासून शरीरात बनणारा पदार्थ त्याहून जास्त रेंगाळतो, आणि नवजात बाळाचं कोवळं यकृत तो लवकर निपटू शकत नाही. रोज घेतलं तर बाळात साठत जातं. अशी बाळं सुस्तावल्याच्या, वजन न वाढल्याच्या नोंदी आहेत. माझ्या कपाटात या दोन औषधांची खोकी एकाच खणात असतात आणि दोन्हींच्या कागदावर ओळही तीच.

सगळा दोष कंपन्यांवर ढकलून चालणार नाही. थॅलिडोमाइड हे मुळात झोपेचंच औषध होतं. 1957 मध्ये बाजारात आलं आणि 1961 मध्ये मागे घेतलं जाईपर्यंत हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली. त्या धसक्याने गरोदर आणि पाजत्या स्त्रियांना चाचण्यांपासूनच दूर ठेवलं गेलं. पण नाळेतून जाणं आणि दुधातून जाणं यात फार फरक आहे, आणि आपले कागद दोघींना एकाच वाक्यात गुंडाळतात.

अमेरिकेतला कागद तरी परिपूर्ण आहे का? तोही नाही. तिथल्या झोल्पिडेमच्या माहितीत लिहिलंय की बाळापर्यंत औषध कमीत कमी पोचावं यासाठी आई गोळीनंतर 23 तास दूध काढून टाकण्याचा विचार करू शकते. रोज रात्री गोळी घेणाऱ्या बाईला मग दिवसातला एक तास उरतो! पण त्याच माहितीत बाळाकडे काय बघायचं तेही आहे: जास्तीची गुंगी, अंग सैल पडणं, श्वास मंदावणं. तेवढं तरी मी त्या बाईला सांगू शकले असते. बाळ दूध प्यायला उठेना, चोखण्यात जोर नसेल, श्वास अडकल्यासारखा वाटला, तर पुढच्या गोळीची वाट न बघता दवाखाना गाठायचा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाच्या बाबतीत तर ही गोष्ट गोळी लिहून देण्याआधीच बोलायला हवी.

आणि ज्याबद्दल त्या ओळीत अक्षरही नाही, त्याची मला दुधापेक्षा जास्त भीती वाटते. गोळीच्या अंमलात बाळाला कुशीत घेऊन झोपलेली आई. दुधात काहीही उतरलं नसलं, तरी तिला बाळ अंगाखाली आल्याचं कळणार नाही. बायकांच्या शरीरातून झोल्पिडेम पुरुषांपेक्षा सावकाश जातं, सकाळीही अंमल राहतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये स्त्रियांसाठी नेहमीच्या गोळीची मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला लावली. मग पहाटे तीनला उठून पाजणाऱ्या बाईचं काय? तिला सांगायला हवं की बाळाला पाजून झाल्यावर गोळी घ्या, बाळ वेगळ्या बिछान्यावर निजवा, आणि त्या रात्री उठायला शुद्धीत असलेलं दुसरं माणूस घरात ठेवा. ते माणूस नसेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा.

माझी मागणी मोठी नाही. अमेरिकेत 2015 पासून नियम आहे की स्तनपानाच्या मथळ्याखाली तीन गोष्टी लिहायच्या: औषध दुधात किती उतरतं, बाळावर काय परिणाम होतो, दूध कमी होतं का. माहिती नसेल तर नाही असं लिहायचं. आपल्या खात्याने झोपेच्या गोळ्यांपासून ही सुरुवात करावी, आणि बिछान्याबद्दलची सूचना त्यात चौथी म्हणून घालावी. शिवाय दोन ओळी अशा हव्यात: बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, तर ते बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांशी बोला. आणि डायझेपामच्या जातीची गोळी बरेच दिवस चालू असेल, तर बाळासाठी म्हणून ती एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. अशी एकदम तोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

मसुदा करणाऱ्या समितीत एखादी पाजती आई घ्यावी. आणि अक्षर मोठं छापावं. सध्याचा कागद वाचायला मला चष्म्यावर भिंग धरावं लागतं. त्या बाईच्या तर एका हातात बाळ होतं.

आपली,
एक फार्मासिस्ट