त्या दिवशी फोन उचललात म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर फार आधी लिहायला हवं होतं.

गुंतवणुकीचा सल्ला घ्यायला तुमच्याकडे पहिल्यांदा आलो, तेव्हा वहीत प्रश्न लिहून आणले होते: कुठला फंड, किती परतावा, पैसे किती वर्षांत दुप्पट. तुम्ही विचारलंत, "महिन्याचा घरखर्च किती?" मला सांगता येईना. पगार तोंडपाठ, खर्च मात्र अंदाजपंचे! तो अख्खा तास कर्जं, विमा आणि माझ्यावर कोण कोण अवलंबून आहे यातच गेला. घरी जाताना मी चिडलो होतो. फी देऊन घरखर्चाचा हिशेब लिहायला कोण जातं?

पण त्या हिशेबातून काय काय बाहेर आलं! बचत आणि विमा एकत्र असलेल्या ज्या पॉलिसीच्या भरवशावर मी निर्धास्त होतो, तिची रक्कम माझ्या मागे घरच्यांना दोन वर्षंही पुरली नसती. क्रेडिट कार्डाची थकबाकी भरमसाट व्याजाने वाढत होती आणि इकडे मी तुटपुंज्या व्याजाच्या ठेवी कौतुकाने मोजत होतो. एका खात्याला तर नॉमिनी म्हणून वडिलांचंच नाव होतं. ते जाऊन चार वर्षं झाली होती. तुम्ही क्रम लावून दिलात: आधी थकबाकी, मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला, मग साधा टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीत मी गेलो तरच घरच्यांना पैसे देणारा विमा), आणि गुंतवणूक सगळ्यात शेवटी. पुढे नोकरी गेली तेव्हा त्या बाजूला ठेवलेल्या पैशांवरच घर चाललं.

आणि मग मार्च २०२०. कोविडच्या धास्तीने शेअर बाजार कोसळत होता. "सगळं विकून टाका," असं मी फोनवर जवळजवळ ओरडलोच. तुम्ही शांतपणे विचारलंत, "हे पैसे कधी लागणार आहेत?" मुलीच्या शिक्षणाला, अकरा वर्षांनी. "मग आज काढून ठेवणार कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तुम्ही माझ्याच अक्षरातला कागद वाचून दाखवलात, बाजार तेजीत असताना लिहून घेतलेला: 'बाजार एक तृतीयांश पडला तरी मी विकणार नाही.' लिहिताना मला तो पोरखेळ वाटला होता.

वर तुम्ही उलटंच करायला लावलंत. शेअर पडल्यामुळे शेअर आणि रोखे (ठरावीक व्याज देणारे कर्जरोखे) यांचं आपलं ठरलेलं प्रमाण बिघडलं होतं, म्हणून रोख्यांमधले थोडे पैसे काढून शेअरमध्ये घातले. सही करताना हात थरथरत होता. अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च या काळात सुमारे ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा जुन्या उच्चांकाच्या वर गेला, हे आज सांगायला सोपं आहे. तेव्हा ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि तसं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. माझा विश्वास बसला तो त्याच वाक्यावर.

तुमच्या फीबद्दल मी एकदा कुरकुर केली होती. त्याआधीचे सल्लागार 'फुकट' सल्ला देत, आणि त्यांचं कमिशन माझ्याच पैशांतून कापलं जाई. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणारे पैसे ३० वर्षांत दहापट होतात, ७ टक्क्यांनी साडेसातपट. कमिशनपोटी दरवर्षी गेलेल्या एका टक्क्याने शेवटी जवळजवळ पाव हिस्सा जातो. तुमची फीसुद्धा त्याच हिशेबात धरा, असंही तुम्हीच म्हणालात.

मी श्रीमंत वगैरे झालो नाही. पण रात्री फोनवर बाजार बघायची सवय सुटली, आणि त्याबद्दल बायकोनेही तुमचे वेगळे आभार मानायला सांगितलेत.

पुढच्या महिन्यात वार्षिक आढाव्याला येतोय, खर्चाच्या वहीसकट. मृत्युपत्राचा मसुदा तयार आहे, साक्षीदारांच्या सह्या मात्र अजून राहिल्यात. तेवढ्यावरून रागावू नका.

आपला,
एक चिडका अशील