गॉब्लिनला दिलेला शब्द

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितोय. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन खेळायच्या खेळात तुमच्या पार्टीने, म्हणजे तुम्हा खेळाडूंच्या गटाने, गॉब्लिन (बुटका राक्षस) पकडला, तुझ्या पॅलाडिनने, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्ध्याच्या पात्राने, त्याला जीवदान कबूल केलं आणि त्याने गुहेची चोरवाट दाखवली. आता बाकीचे म्हणतायत, सोडला तर तो टोळीला सावध करेल, संपवून टाक. तू मला विचारलंस, "बाबा, लॉफुल गुड असेल तर काय करायचं?"

पात्राच्या शीटवरच्या 'लॉफुल गुड', म्हणजे नियम पाळणारा आणि भला, या दोन शब्दांत तयार उत्तर शोधू नकोस. आपल्या पात्राची ओढाताण कशाकशात होणार, एवढंच ते सांगतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हा लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) एवढ्या तीनच अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या बाजू, होत्या. तू कोणत्या बाजूचा, इतकंच त्यातून कळायचं. पुढे चांगल्या-वाईटाचा दुसरा अक्ष जोडला गेला, १९७८च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात नऊ घरं झाली आणि नियम पाळणं वेगळं, भलं करणं वेगळं, हे खेळात उतरलं. मला सगळ्यात आवडतो तो त्याच पुस्तकातला पॅलाडिनचा नियम. जाणूनबुजून केऑटिक कृत्य केलं तर वरच्या लेव्हलच्या क्लेरिकपुढे (पुजाऱ्याच्या पात्रापुढे) कबुली द्यायची, प्रायश्चित्त घ्यायचं. पण जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, परतीची वाटच नाही. दोन्हींत जड काय, हे तिथे स्वच्छ लिहिलंय.

तुम्ही खेळता त्या २०१४च्या नियमांत पॅलाडिन कोणत्याही अलाइनमेंटचा चालतो, त्याला बांधून ठेवते ती त्याने घेतलेली शपथ. म्हणून 'लॉफुल गुड म्हणजे असंच वागायचं' असं कुणी दटावलं तर ऐकून घेऊ नकोस.

तू नेमकं काय कबूल केलं होतंस ते आठव. जीव, की लगेच सुटका? जीवच कबूल केला असशील तर त्याला बांधून बरोबर न्या, लढाई झाल्यावर सोडा. पहाऱ्याला एक जण अडकेल, लढायला एक हात कमी पडेल. तो तोटा तुझ्या पॅलाडिनने स्वतः अंगावर घ्यावा. पहारा तिनेच द्यावा, पार्टीवर ढकलू नये. लगेच सुटका कबूल केली असशील तर मात्र खरी पंचाईत आहे. कारण टोळी सावध झाली तर खालच्या गावातल्या लोकांवर बेतेल. तिथे मी शब्द मोडेन, त्याला डांबून ठेवेन आणि प्रायश्चित्त घेईन. बांधलेल्या कैद्यावर तलवार मात्र कुठल्याही परिस्थितीत चालवणार नाही.

तुमचा तो 'रोग' (Rogue, म्हणजे चोराचं पात्र) खेळणारा मित्र 'मी केऑटिक न्यूट्रल आहे' म्हणत पार्टीचीच थैली मारतो, ते मला अजिबात पटत नाही. केऑटिक म्हणजे दुसऱ्याचा हुकूम न मानणारा. त्याला जिवाभावाचं कुणीच नसतं, असं कुठे लिहिलंय? त्याला एकदा विचार, कितीही सोनं दिलं तरी तुझा रोग काय करणार नाही? त्याचं उत्तर आलं की त्याचं पात्र उभं राहील.

शनिवारी डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, त्या गॉब्लिनचं नाव विचार. ठेवलं नसेल तर ठेवायला सांग आणि मगच मतं घ्या. काय ठरलं ते रात्री कितीही उशीर झाला तरी फोन करून सांग, मी जागा असेन.

तुझा,
बाबा