चि. सायलीस: फ्रेम घेण्याआधी

सातारा
रविवार, रात्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला, ते चुकलं. आईनं जेवताना दोनदा ऐकवलं.

तू पाठवलेला सायकलच्या फ्रेमचा फोटो मोठा करून पाहिला. तडा नुसता रंगाला नाही. बी.बी.जवळच्या (पायडलांचा आस बसतो तिथल्या) वेल्डिंगच्या कडेनं सरळ नळीत उतरलाय. ॲल्युमिनियममध्ये असा तडा वाढतच जातो. तू म्हणालीस वेल्डिंग मारून घेते. नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो. आख्ख्या फ्रेमला पुन्हा हीट ट्रीटमेंट दिल्याशिवाय ती ताकद परत येत नाही, आणि ती काही गल्लीतल्या वर्कशॉपात होत नाही. आता मेसपर्यंतसुद्धा ती सायकल नेऊ नकोस.

फ्रेम बदलायची हे तुझं बरोबरच आहे. माझा राग त्या जुन्या कार्बन फ्रेमवर होता. ती डिस्क ब्रेकची आहे, मागं १४२ मिमीचा थ्रू एक्सल, म्हणजे आरपार जाणारा आस. तुझा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३० मिमीचा, खटक्यानं सुटणाऱ्या क्विक रिलीजचा. म्हणजे दोन्ही चाकं नवी, ब्रेक नवे. फ्रेम स्वस्तात पडली तरी पंधरा हजारांचा हिशेब तिथंच मोडला. शिवाय त्या चिमट्यानं, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कनं, आधी कुठं काय सोसलंय हे तुला कोण सांगणार? चिमट्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून पुढं जातो.

तुझ्या सायकलीचे आकडे वहीत आहेत, उतरवून घे. बी.बी. शेल ६८ मिमी, बीएसए आट्यांचं. सीटपोस्ट २७.२. पुढच्या डिरेलरचा (चेन सरकवून गियर बदलणाऱ्याचा) क्लॅम्प ३१.८. ब्रेक रिम कॅलिपर, रीच (भोकापासून पॅडपर्यंतचं अंतर) ३९ ते ४९. हे सगळं जुळणारी, रिम ब्रेकची ॲल्युमिनियम किंवा क्रोमोली (मिश्र पोलादाची) फ्रेम शोध. क्रोमोली अर्धा-पाऊण किलो जड पडेल, पण मला तीच जास्त पटते. सीट ट्यूब ३४.९ ची असली तर तुझा डिरेलर बसणार नाही. उलट असतं तर मध्ये शिम (पातळ पट्टी) घालून भागलं असतं. ब्रेकचं भोक वर असलेल्या फ्रेमला ४७ ते ५७ रीचचे कॅलिपर लागतात. तुझे लावलेस तर पॅड रिमवर पोचणारच नाहीत, टायरला घासतील. प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेली, बी.बी. टाळ. भोकाचं माप जरा इकडंतिकडं असलं की कुरकुर सुरू होते आणि ती शोधण्यात महिने जातात.

साइजच्या स्टिकरवर जाऊ नकोस, एकाची ५२ दुसऱ्याच्या ५० एवढी असते. फ्रेमचा स्टॅक आणि रीच बघ, म्हणजे बी.बी.पासून हेड ट्यूबच्या (पुढच्या उभ्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उंची आणि आडवं अंतर. रीच १० मिमीनं जास्त असेल तर तेवढा आखूड स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावता येतो, ३० मिमीचा फरक असा झाकता येत नाही.

जुनी घेणार असशील तर दोरी घेऊन जा. मागच्या एका ड्रॉपआऊटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) बांध, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला आण, ताण. मग दोरीपासून सीट ट्यूबचं अंतर दोन्ही बाजूंनी मोज. दोन मिलिमीटरहून जास्त फरक निघाला की फ्रेम ठेवून ये. हेड ट्यूबच्या मागं, खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरव. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती पुढून धडकलेली आहे. ड्रॉपआऊट आणि सीट क्लॅम्पची फट टॉर्चनं बघ. हँगर (मागचा डिरेलर टांगतो तो तुकडा) त्याच फ्रेमचा मिळतो का ते पैसे देण्याआधी विचार आणि मिळाला तर दोन घे.

बघ, लेक्चर झालंच. तुला यातलं निम्मं येतं. आठवीत तू चेन मागच्या डिरेलरच्या पत्रीच्या चुकीच्या बाजूनं ओवली होतीस. खरखर ऐकत आख्खी दुपार अंगणात बसलीस, कुणाला हात लावू दिला नाहीस आणि दिवेलागणीला स्वतःच शोधून काढलंस. मला ते रोज आठवतं. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे.

भरवसा नाही तो दुसऱ्याच्या चिमट्यावर. सांगली-मिरज सपाट आहे, तिथं काही कळणार नाही. पण दिवाळीला तू घरी येणार आणि दुसऱ्या दिवशी यवतेश्वर चढणार, हे मला माहीत आहे. चढाचं काही नाही गं. उतरताना वळणावर पुढचा ब्रेक दाबला की सगळा भार चिमट्याच्या मुळाशी येतो, आणि तिथला तडा हेडसेटमध्ये (चिमटा फिरतो त्या बेअरिंगमध्ये) झाकलेला असतो. वाईचा तो दिवस मी काढत नाही. दादाचं हेल्मेट आईनं अजून माळ्यावरून हलवलेलं नाही, एवढंच.

म्हणून फ्रेम तिच्या स्वतःच्या चिमट्यासकटच घे, जमलं तर नवी. चिमट्याची नळी आधीच कापलेली असेल तर लांबी मोज: हेड ट्यूब, हेडसेट, स्पेसर, स्टेमची उंची, यांची बेरीज वजा ३ मिमी. त्याहून आखूड असेल तर स्टेमची पकड अपुरी राहते.

जोडताना बी.बी.चा चेनच्या बाजूचा कप उलट आट्यांचा आहे, काढताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरेल. नव्या फ्रेमच्या आट्यांना आणि सीटपोस्टला ग्रीस लाव. तारा आणि आऊटर (तारेवरची नळी) नवेच घाल: गियरला ४ मिमी, ब्रेकला ५. गियरचं आऊटर ब्रेकला कधीही नको, त्यातल्या तारा लांबीला सरळ असतात, जोरात दाबलं की फाटतं. हेडसेटचा खेळ आधी वरच्या टोपीनं काढ, मग स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरला. टॉर्क पान्हा शनिवारी एस.टी.नं पाठवतो, आईच्या चकल्यांबरोबर.

पैसे कमी पडले तर मला सांग. चिमट्यावर वाचवू नकोस.

तुझे
पप्पा

ता. क. जुनी ठरली तर विकणाऱ्याला चिमटा बाहेर काढायला लाव. खालची बेअरिंग बसते तिथला भाग पुसून, चारी बाजूंनी फोटो काढून मला पाठव. मी जागा आहे.