मशीनवरचं, पण हातानेच विणलेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या हस्तकलेवरच्या लेखात, मशीनवर विणलेल्या वस्तूंना कारागिरी म्हणता येत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. गेली सोळा वर्षं मी विणकाम यंत्रावर कानटोप्या, मफलर आणि हातमोजे विणते आहे. ते वाक्य मनाला लागलं, म्हणून लिहिते.

मशीन म्हटलं की बटण दाबलं आणि माल बाहेर आला, असं लोकांना वाटतं. माझ्या यंत्राला मोटरच नाही. साडेचार मिलिमीटरच्या अंतराने लावलेल्या २०० सुया, आणि त्यांच्यावरून हाताने सरकवायची कॅरेज. एकदा नेली की एक ओळ, परत आणली की दुसरी. बारीक लोकरीच्या पाच फुटी मफलरला सहाशेच्या आसपास ओळी लागतात. मधेच धागा तुटला आणि लक्षात आलं नाही, तर कॅरेज पुढे जाते तसे टाके सुयांवरून सुटत जातात आणि खाली लावलेल्या वजनांनी सगळं विणकाम मांडीत येऊन पडतं. मग एकेक टाका आकड्याने, म्हणजे हूक असलेल्या छोट्या अवजाराने, उचलून परत सुईवर चढवायचा. हे कुठलं यंत्र करून देतं?

टोपीचा माथा निमुळता करायचा, तर टाके हातानेच एका सुईवरून दुसरीवर न्यावे लागतात. सुयांची एकच ओळ असलेल्या यंत्रावर किनारीला उलट-सुलट वीण हवी असेल, तर टाक्यांची उभी रांगच्या रांग मुद्दाम सोडून आकड्याने उलट्या बाजूने वर विणत आणायची. त्याआधी नमुना विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच मापं घ्यायची. वजनांनी ताणलेलं विणकाम यंत्रावरून उतरल्या उतरल्या मोजलं तर माप हमखास फसवतं. सरळ विणणं माझं तासाभरात उरकतं. शिवणं, धाग्यांची टोकं आत दडवणं, वाफ देणं यात उरलेला दिवस जातो, आणि गिऱ्हाईक किंमत विचारतं ती त्या एका तासाची.

एका प्रदर्शनात 'हातकाम' विभागात मला जागा नाकारली गेली. त्याच विभागात शिवणयंत्रावर शिवलेल्या पिशव्या मांडलेल्या होत्या, आणि त्या होत्याही सुरेख. शिवणयंत्रावर बसते ती कारागीर, मग विणकाम यंत्रावर बसते ती कोण?

हा वाद जुनाच आहे. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी मोजे विणायची चौकट, म्हणजे विणकामाचं यंत्रच, बनवली. पण राणी एलिझाबेथने त्यांना पेटंट दिलं नाही. हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, अशी भीती तिला वाटली, असं सांगतात. तिची काळजी मला समजते. पण आज छोट्या यंत्रावर विणणारी बाई हातविणकाम करणारीच्या पोटावर पाय देत नाही. कारखान्याच्या मालापुढे दोघींची अवस्था सारखीच आहे. आमच्यातल्या कितीजणी तर दोन्ही करतात.

त्यात यंत्रंही जुनी होत चालली. ब्रदरसारख्या मोठ्या कंपनीने घरगुती विणकाम यंत्रं बनवणं कधीच थांबवलं. सुया दाबून धरणारी फोमची पट्टी काही वर्षांत दबते, मग सुया डुगडुगतात आणि टाके गळतात. ती पट्टी बदलणारे, जुन्या यंत्रांतले सुटे भाग काढून जपून ठेवणारे लोक आहेत, म्हणून आमचं काम चालू आहे. त्यांच्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही.

माझी मागणी साधी आहे. यापुढे असा लेख कराल तेव्हा 'हाताने', 'हातयंत्रावर' आणि 'कारखान्यात' असे तीन वेगळे शब्द वापरा. आणि वस्तूचा फोटो छापाल, तेव्हा एक फोटो आतल्या बाजूचाही घ्या. यंत्रावर विणताना आमच्या डोळ्यांसमोर सतत तीच उलटी बाजू असते, आणि दडवलेली टोकंही तिथेच सापडतील.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक