‘पोमाझान्कोव्हे’ म्हणजे बटर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वर्षअखेरच्या पार्टीसाठी चेक पद्धतीच्या हॅम स्प्रेडची कृती आली आहे. २५० ग्रॅम हॅम, २५० ग्रॅम बटर, सगळे मिक्सरमधून काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा, एवढीच. या मापाने केलेले स्प्रेड फ्रीजमधून निघते ते विटेसारखे. सुरीने लावायला जावे तर ब्रेड फाटतो, आणि टेबलावर अर्धा तास राहिले की अंगाला तेल सुटते. दोष करणाऱ्याच्या हाताचा नाही, भाषांतराचा असावा.

मूळ चेक कृतींत बहुधा ‘पोमाझान्कोव्हे मास्लो’ असे लिहिलेले असते. ‘पोमाझान्का’ म्हणजे पावाला लावायचे सारण आणि ‘मास्लो’ म्हणजे बटर. तेव्हा शब्दाला शब्द लावला तर अर्थ बरोबर येतो आणि पदार्थ चुकतो. डबीत मिळणारा हा जिन्नस आंबवलेल्या क्रीमपासून करतात. त्यात स्निग्धांश किमान ३१ टक्के असतो आणि पाणी ५८ टक्क्यांपर्यंत चालते. बटरमध्ये स्निग्धांश किमान ८० टक्के आणि पाणी फार तर १६ टक्के. याच नावावरून चेक प्रजासत्ताकाला युरोपीय न्यायालयात उभे राहावे लागले. २०१२ मध्ये निकाल विरोधात गेला आणि डबीवरून ‘मास्लो’ हा शब्द काढावा लागला. घरोघरच्या कृतींच्या वह्यांत मात्र जुनेच नाव नांदते आहे.

आपल्याकडे याची बरोबरी चक्क्याने होते. ७५ ग्रॅम बिनमिठाचे बटर आणि १२५ ग्रॅम चक्का घेतला की स्निग्धांश एकतृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे मुळाच्या जवळ. दही सायीच्या दुधाचे आणि गोडसर हवे. चक्का श्रीखंडाला करतो तितका घट्ट. घरचे लोणी वापरायचे असेल तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन, दाबून त्यातले ताक पूर्ण काढावे, नाहीतर तेच पाणी उद्या स्प्रेडमध्ये दिसते.

या २०० ग्रॅम मिश्रणाला २५० ग्रॅम हॅम, ५० ग्रॅम व्हिनेगरमधली काकडी, एक कडक उकडलेले अंडे, एक लहान चमचा मोहरीची पेस्ट, दोन लहान चमचे किसलेले हॉर्सरॅडिश (मोहरीसारखे झणझणीत एक मूळ) आणि मिरपूड. मीठ अजिबात नाही. हॅम आणि काकडी यांत ते भरपूर असते. एवढ्यात साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास स्प्रेड होते, आणि एका घासाच्या तुकड्यावर १२ ते १३ ग्रॅम धरले तर चाळीसेक तुकडे निघतात.

खरी मेख हॅममध्ये आहे. स्वस्त हॅममध्ये पाणी आणि स्टार्च भरलेले असते. चेक नियमांत हॅमची प्रतवारी शुद्ध मांसप्रथिनांवर होते: सर्वोच्च प्रतीला किमान १६ टक्के, मधल्या प्रतीला १३ आणि साध्याला १०. आपल्याकडच्या पाकिटावर अशी प्रत लिहिलेली नसते, पण घटकांची यादी असते. त्यात पाणी आणि स्टार्च वरच्या क्रमांकावर असतील तर ते पाकीट सँडविचला ठेवावे. मधाचा किंवा साखरेचा लेप दिलेले हॅमही इथे नको. घेतलेला काप दोन टिश्यूंमध्ये दाबून बघावा. टिश्यू नुसता दमट झाला तर ठीक, चिंब भिजला तर तेवढे पाणी पुढे स्प्रेडच्या बुडाशी साचणार आहे. कसेही असले तरी कापण्याआधी सगळे काप टिपून घ्यावेत.

बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल इतके मऊ हवे. वितळलेले चालत नाही, कारण एकदा तूप वेगळे झाले की फेटून त्यात हवा धरली जात नाही. चक्काही अर्धा तास आधी बाहेर काढावा. बटर तीन-चार मिनिटे, रंग फिका होईपर्यंत फेटावे आणि मग चक्का चमच्या-चमच्याने घालावा. चक्का गार असेल तर बटर आकसते आणि फाटलेल्या दुधासारख्या कण्या दिसतात. अशा वेळी भांडे टाकून देऊ नये; दहा सेकंद कोमट पाण्यात धरून पुन्हा फेटावे, जुळून येते.

हॅम बारीक जाळीच्या खिमा मशीनमधून काढलेले उत्तम. मिक्सर वापरायचा तर आधी सुरीने बारीक चिरून, भांडे अर्धेच भरून, एकेका सेकंदाचे चार-पाच झटके द्यावेत. सलग फिरवले की पाते तापते, चरबी माखली जाते, मांसातले पाणी सुटते आणि हाती येते ती गुलाबी लापशी. दाणा मोहरीएवढा राहिला पाहिजे. हॅम हाताने किंवा चमच्याने मिसळावे, फेटून नव्हे. काकडी चिरून फडक्यात पिळावी आणि अंडे किसून अगदी शेवटी घालावे.

कच्चा कांदा बऱ्याच कृतींत असतो. तो घालायचाच तर वाढताना वरून. आत घातला की दोन-तीन तासांत पाणी सुटते आणि वास सगळ्या फ्रीजभर होतो.

हॉर्सरॅडिशची बाटली मिळाली नाही तर मोहरीची पेस्ट दुप्पट करावी. वासाबीच्या स्वस्त ट्यूबमध्येही बहुधा हॉर्सरॅडिशच असते, फक्त रंग हिरवा. शेवग्याला इंग्रजीत ‘हॉर्सरॅडिश ट्री’ म्हणतात म्हणून काही जण त्याचे मूळ किसून घालायचा सल्ला देतात. तो मानू नये, त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्ये असतात.

पुरवणीतल्या टिपेत बटरऐवजी मेयोनेजही सुचवले आहे. चेक लोक मेयोनेज खातात, पण बटाट्याच्या सॅलडमध्ये हात सैल सोडून. इथे ते घातले की स्प्रेड बसके होते, आणि आपल्याकडच्या बिनअंड्याच्या मेयोनेजमध्ये बहुधा साखर असते, ती हॅमशेजारी चटकन कळते.

तयार स्प्रेड झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवावे आणि मगच चव बघावी; हॅमचे मीठ तोवर बटरमध्ये उतरलेले असते. चेक घरांत ३१ डिसेंबरच्या रात्री ते ‘वेका’ नावाच्या लांबट पांढऱ्या पावाच्या कापांवर किंवा ‘येद्नोहुब्की’, म्हणजे एका घासाच्या काडी टोचलेल्या तुकड्यांवर लावतात. आपल्याकडे बगेटचे सेंटीमीटरभर जाडीचे काप घ्यावेत. कापाला आधी साध्या बटरचा पातळ हात द्यावा, म्हणजे ओल पावात उतरत नाही. स्प्रेड चांदणीच्या नोझलने सोडावे, वर काकडीची चकती. लावून ठेवलेले तुकडे तासाभरात वाढावेत. खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नाही, उन्हाळ्यात एकच. उरलेले फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. फ्रीझरमध्ये घालू नये. विरघळताना चक्क्याचे पाणी वेगळे होते.

पुरवणीच्या पुढच्या अंकात ‘२५० ग्रॅम बटर’ ही ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती. ३१ तारखेच्या आत छापली तर बरे.

आपला,
एक वाचक, पुणे